पाद्रीपण सोडलेल्या दादाबरोबर होकियांगाला

रविवारी सकाळी दादाच्या गाडीतून आम्ही तिघं एकत्र निघालो आणि दोन वेगवेगळ्या चर्चला पोचलो.

२०१८ चा नोव्हेंबर होता. मला न्यूझीलंडला येऊन चारच दिवस झाले होते. माझा थोरला भाऊ अरविंद, म्हणजे दादा, आणि प्रमिलावहिनी ऑकलंडच्या उत्तरेला अल्बनीत मुलाजवळ राहतात. संजीव आयटीत, सून फार्मसिस्ट. दोघं आठवडाभर धावत असतात आणि रविवारी उशिरापर्यंत झोपतात. त्यामुळे गाडीत आम्ही तीन म्हातारी माणसंच. पहिल्या सिग्नलनंतर दादाने एका लाकडी चर्चसमोर गाडी थांबवली. वहिनी उतरल्या, पदर सारखा केला आणि मला म्हणाल्या, "चल."

"आणि दादा?"

"ते पुढच्या स्टॉपला."

ज्यांना आमच्या घराची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही पुण्याचे मराठी ख्रिस्ती, पणजोबांपासून अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या शिस्तीतले. दादा तीस वर्षं पाद्री होता. नगर, नाशिक, पुणे, जिथे बदली होईल तिथे झगा आणि पुस्तकांच्या पेट्या घेऊन गेला. आमच्या घरातलं प्रत्येक लग्न, प्रत्येक बाप्तिस्मा आणि प्रत्येक मयत त्याच्या हातून झालं. माझे यजमान गेले तेव्हा मातीही त्यानेच दिली. मग निवृत्त होऊन तो मुलाकडे न्यूझीलंडला आला आणि दोन वर्षांनी फोनवर म्हणाला, "सुशे, मी कॅथलिक झालो."

हिंदू वाचकांना यात काय एवढं असं वाटेल. पण पाद्रीच असा पलीकडे गेला, की त्याचं पाद्रीपण संपतं. तो साधा माणूस होऊन बाकावर बसतो. अँग्लिकनांमधून येणाऱ्यांसाठी पोपनी एक सोय करून दिली आहे. कॅथलिक व्हा, पण तुमची जुनी प्रार्थनेची भाषा, तुमची गाणी, तुमची सायंप्रार्थना बरोबर आणा. सासरी जाताना माहेरची भांडी नेऊ द्यावीत तसं. अशा लोकांचे छोटे छोटे गट जगभर आहेत, आणि अल्बनीजवळच्या एका गटात दादा होता.

पुण्यात आमच्या नातेवाइकांनी तोंडं वाकडी केली. मी केली नाहीत, कारण मला त्याच्याकडे काम होतं. माझ्या मोनिकाचं लग्न जानेवारीत ठरलं होतं आणि ते दादानेच लावावं असं मला वाटत होतं. फोनवर विचारलं तर नाही म्हणणं सोपं जातं. म्हणून मी तिकीट काढून आले. मी इस्पितळात सिस्टर इन्चार्ज होते. समोर उभं राहिल्यावर माणसं नाही म्हणत नाहीत, असा माझा अनुभव.

कॉलिनचं गॅरेज

गट गुरुवारी संध्याकाळी कॉलिनच्या घरी जमायचा. घरी म्हणजे गॅरेजमध्ये. कॉलिन निवृत्त प्लंबर, सहा फुटांहून उंच, थंडी असो वा पाऊस अर्धी चड्डी आणि पायात जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी स्लिपर. एका भिंतीला पाइप आणि पाने टांगलेले, दुसऱ्या भिंतीला क्रूस, खाली दोन मेणबत्त्या आणि पांढरंशुभ्र इस्त्रीचं कापड. त्याची गाडी बिचारी बाहेर रस्त्यावर.

आम्ही शिरलो तेव्हा कॉलिन ओरडला, "अरविंद, मेट! खुर्च्या लावायच्या राहिल्यात!"

आणि माझा दादा, ज्याच्यासमोर नाशिकला चर्चची अख्खी मंडळी उठून उभी राहायची, ज्याला पाद्रीसाहेबांशिवाय दुसरी हाक मी कुणाच्या तोंडून ऐकली नव्हती, तो घडीच्या खुर्च्या उघडायला लागला. मला ते सहन होईना. मी त्याच्या हातातली खुर्ची घ्यायला गेले तर हसून म्हणाला, "सुशे, हे माझं काम आहे. मला या कामाचा सराव झालाय."

सगळे मिळून आठ-नऊ जण. जूडिथ नावाच्या एक बारीकशा बाई शाळेत संगीत शिकवायच्या, त्यांनी सूर दिला. बाकीची दोन-तीन जोडपी, एक तरुण नर्स. आणि सायंप्रार्थना सुरू झाली.

मी कान टवकारून बसले होते, काहीतरी परकं ऐकू येईल म्हणून. पण माझे पप्पा रोज संध्याकाळी कंदिलाची काच पुसून झाली की जी प्रार्थना मराठीत म्हणायचे, तीच ही इंग्रजीत होती. तीच वळणं, तेच थांबे. पापाची कबुली, स्तोत्र, धडा, म्हाताऱ्या शिमोनाचं गीत. इंग्रजीत ते काय म्हणताहेत ते मला पुढच्या ओळीआधी मराठीत समजत होतं. मी ओठ मिटून बसायचं ठरवून आले होते. तिसऱ्या ओळीला मी म्हणायला लागले, तेही मोठ्याने आणि मराठीत. जूडिथबाईंनी मागे वळून पाहिलं आणि डोळ्यांनीच "चालू द्या" म्हणाल्या.

नंतर चहा. या देशात चहाबरोबर खायला प्रत्येकाने घरून काही न्यायचं असतं. वहिनींनी आम्हाला नारळाच्या करंज्या देऊन पाठवलं होतं. स्वतः मात्र आल्या नव्हत्या. कॉलिनने चार करंज्या संपवल्या आणि विचारलं, "प्रमिला कधी येणार आमच्यात?"

दादा म्हणाला, "करंज्या येतात ना, त्यात समाधान मान."

घरी आल्यावर मी वहिनींना विचारलं की त्या का गेल्या नाहीत. त्या भांडी आवरत होत्या. "मी कुठे जायचं? मी होते तिथेच आहे. ख्रिस्ताची मंडळी एक व्हावी म्हणून हे पलीकडे गेले, आणि घरात दोन केल्या!" मग ओटा पुसता पुसता हळूच म्हणाल्या, "पहिलं वर्ष मी फार रडले गं. पाद्रीण म्हणून आयुष्य गेलं माझं. एका दिवशी मी कुणाचीच पाद्रीण उरले नाही. मला कुणी विचारलं का?"

"मग?"

"मग काही नाही. रविवारी ते मला सोडतात, परत घ्यायला येतात. कधी माझं आधी सुटतं, कधी त्यांचं. ज्याचं आधी सुटेल त्याने दुधाची पिशवी आणायची. म्हणजे इथे कॅन." आणि हसल्या.

उत्तरेकडे

गटातली मेरे नावाची एक माओरी बाई ऑकलंडमधली शिक्षिकेची नोकरी सोडून वडिलांची काळजी घ्यायला आपल्या गावी गेली होती. होकियांगा नावाची लांबलचक खाडी आहे उत्तरेला, तिच्या काठी. शनिवार-रविवार सगळ्यांनी तिच्याकडे यावं असं तिचं बोलावणं होतं. ऑस्ट्रेलियाहून गटाचे फादर पीटर यायचे होते. ते तिच्या नव्वदीच्या वडिलांसाठी घरीच मिस्सा करणार होते. मिस्सा म्हणजे आमच्याकडचं प्रभुभोजन.

वहिनीही निघाल्या. "सहलीला मी सगळ्या पंथांची," त्या म्हणाल्या.

कॉलिनची जुनी व्हॅन, पुढे तो आणि जूडिथ, मागे आम्ही तिघं आणि सगळ्यांच्या मागे खाण्याचे डबे. शहर मागे पडलं तशा हिरव्या टेकड्या सुरू झाल्या, अशा गोलगोल की कुणी मळून ठेवल्यात. मेंढ्या कमी, गायी जास्त. दार्गाव्हिल नावाच्या गावी रताळ्यांची शेती आहे. इथे रताळ्याला कुमारा म्हणतात आणि ते उपासाचं नव्हे तर मेजवानीचं खाणं. तिथल्या एका डेअरीत थांबलो. डेअरी म्हणजे दूधकेंद्र नाही हं, कोपऱ्यावरचं दुकान. तिथे आइस्क्रीमही मिळतं आणि मासे पकडायचा गळही. मी छोटं आइस्क्रीम मागितलं. जे हातात आलं ते धरायला दोन हात लागले.

पुढे जंगल. कौरी नावाची प्रचंड झाडं, काही दोन हजार वर्षांची म्हणतात. त्यांच्या मुळांना रोग लागतोय म्हणून आत जाण्याआधी बुटांचे तळवे घासायचे, औषधाने धुवायचे. मी सवयीने चपला काढूनच ठेवल्या. तिथला माणूस धावत आला, "नो, नो, घाला, घाला!" आपण देवापुढे जोडे काढतो, हे लोक जोडे धुऊन आत नेतात. मोठ्या झाडासमोर गेले तर मान वर करूनही शेंडा दिसेना. खोडच एखाद्या बंगल्याएवढं. दादाने टोपी काढली.

जंगल संपल्यावर कॉलिनला जवळचा रस्ता आठवला. त्याच्या जवळच्या रस्त्यावर डांबर नव्हतं, खडी होती, आणि दहा मिनिटांत टायर बसलं. "शी विल बी राइट," कॉलिन म्हणाला. होईल सगळं ठीक, असा त्याचा अर्थ. हे वाक्य इथे टायर बसल्यापासून छप्पर उडेपर्यंत कशालाही चालतं. तो आणि जूडिथ जॅक शोधायला लागले. वहिनी गाडीतच डुलक्या घेत होत्या. दादा आणि मी रस्त्याच्या कडेला उंचवट्यावर बसलो. तारेपलीकडे गायी ओळीत उभ्या राहून आमच्याकडे बघत होत्या.

मी म्हटलं, हीच वेळ.

"दादा, मोनिकाचं लग्न तूच लावायचंस."

तो तारेपलीकडच्या गायींकडे बघायला लागला.

"विहीणबाईंनाही चालेल. चर्चच्या पाळकसाहेबांना मी सांगेन. ते नवीन आहेत, मुलगा म्हणावा एवढे. तुझ्यासाठी आनंदाने बाजूला होतील."

"सुशे, मी ते करू शकत नाही."

"एकदाच. कुणाला कळणार आहे इथे?"

"मला कळेल." त्याने गवताची काडी उपटली. "मी आता पाद्री नाही गं. ते सगळं मी परत देऊन आलो. उद्या झगा चढवून उभा राहिलो तर ते नाटक होईल. कायद्याने बसणार नाही, चर्चमध्ये बसणार नाही आणि पोरीच्या लग्नाला खोट लागेल."

"मग सोडलंसच कशाला? कुणी सांगितलं होतं?"

"तीस वर्षं लोकांना सांगत आलो की ख्रिस्ताची मंडळी एकच आहे. निवृत्त झाल्यावर वाटलं, आपल्यापुरतं तरी ते खरं करावं."

"इथे काही जण नव्याने दीक्षा घेऊन पुन्हा पाद्री होतात म्हणे. कॉलिनने सांगितलं मला."

"होतात. मी मागितलीच नाही. खूप बोललो आयुष्यभर. आता थोडं ऐकतो."

मला राग आला. खरं म्हणजे रडू येत होतं, पण राग सोपा. "मोनिकाचे पप्पा नाहीत," मी म्हटलं. "तूही नाही म्हणालास की तिचं कोण उरलं?" आणि उठून गाडीत जाऊन बसले. वहिनींनी एक डोळा उघडला, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटला.

होनेंचं घर

रावेनी नावाच्या गावातून फेरीबोटीने खाडी ओलांडायची होती. गाड्या, ट्रक, कुत्री, सायकली, सगळं एकाच सपाट बोटीवर. काठाला कांदळवन, चिखलाचा वास, ओहोटीचं राखी पाणी. क्षणभर मला वाटलं मी रत्नागिरीच्या बाजूला कुठेतरी आहे आणि पलीकडे उतरल्यावर सोलकढी मिळेल.

मेरेचं घर पाण्याजवळच होतं. तिने दारात "किआ ओरा!" म्हणत मला कवटाळलं आणि नाकाला नाक, कपाळाला कपाळ लावलं. माओरी लोकांची ती भेटायची रीत, श्वास वाटून घ्यायचा. आमचे चष्मे एकमेकांत अडकले. ते सोडवेपर्यंत आम्ही दोघी हसून मोकळ्या झालो आणि माझा अर्धा राग गेला. उरलेला अर्धा मी जपून ठेवला.

तिचे वडील होने खिडकीशी आरामखुर्चीत, गुडघ्यांवर लोकरी शाल. बोलणं कमी, पण डोळे मिश्कील. तेही पिढ्यान्‌पिढ्यांचे अँग्लिकन, मुलीपाठोपाठ कॅथलिक झालेले. मला विचारलं, "तू अरविंदची कॅथलिक बहीण की दुसरी?" मी म्हटलं, "दुसरी." म्हणाले, "उत्तम. म्हणजे जेवणाला चव येईल."

जेवणाला चव आली ती व्हाइटबेटमुळे. दोऱ्यासारखे बारीक, आरपार दिसणारे मासे अंड्यात कालवून तव्यावर टाकतात. डोळे तसेच. जूडिथबाईंना वाटलं मी दचकेन. मी म्हटलं, हा तर आमच्या जवळ्याचा गोरा भाऊ. चार घास खाल्ल्यावर वहिनींनी पर्समधून लाल तिखटाची डबी काढली. मेरेने एक चिमूट टाकून पाहिलं आणि मग डबी स्वतःच्याच ताटाशी ठेवून घेतली.

दुपारी शेजारपाजारची, नात्यातली माणसं जमायला लागली. बायका पाव्हलोव्हा घेऊन आल्या, म्हणजे वरून कडक आतून मऊ असा अंड्याच्या पांढऱ्याचा केक, वर स्ट्रॉबेऱ्या. बैठकीच्या खोलीत टेबलावर कापड घातलं, मेणबत्त्या ठेवल्या, अंगणात बाकं मांडली. होनेंना मुलीने पांढरा सदरा घातला, केस विंचरले. सगळी तयारी झाली आणि फोन वाजला.

फादर पीटर सिडनीत अडकले होते. वादळाने विमान रद्द, उद्याचं मिळालं तर मिळालं.

मेरेने जवळच्या कॅथलिक चर्चला फोन केला. तिथले पाद्री एकटेच बऱ्याच गावांचं बघतात, ते त्या दिवशी पार दुसऱ्या टोकाला अंत्यविधीला गेलेले. ती फोन ठेवून दारातच उभी राहिली. वडिलांकडे बघवेना तिला. होनेंना गेल्या महिन्यात दोनदा इस्पितळात न्यावं लागलं होतं, हे स्वयंपाकघरात मला तिनेच सांगितलं होतं. नर्सच्या नजरेने मी त्यांची सुजलेली पावलं पाहिली होती. उद्यावर टाकावं अशी त्यांची तब्येत नव्हती.

मग ती सरळ दादासमोर आली. "अरविंद," ती म्हणाली, "तू तीस वर्षं केलंस. तुला सगळं पाठ आहे. पप्पांसाठी कर ना."

खोलीतले सगळे दादाकडे बघायला लागले. मीही. आणि मी खरं सांगते, माझ्या मनात आलं: आता हो म्हण. इथे हो म्हणालास तर तिथेही म्हणायला लावीन.

दादाचे हात वर आले. मी ते हात ओळखते. भाकर उचलायच्या आधी ते असेच, तळवे वर करून उघडायचे. तो थेट टेबलाकडे बघत होता. मग त्याने ते हात खाली नेले आणि पँटच्या खिशात घातले.

"नाही, मेरे," तो म्हणाला. "मी केलं तर ती मिस्सा नसेल. होनेंना मी खोटं काही देणार नाही."

अंगणात एक कोंबडी बोलत होती तेवढीच. मला वाटलं मेरे रागावेल, जशी मी रागावले होते. पण खुर्चीतून होनेच म्हणाले, "त्याचं बरोबर आहे, मुली. माणसं जमलीत, मेणबत्त्या लागल्यात. आपल्याला जे येतं ते करू."

जे येतं ते म्हणजे सायंप्रार्थना. दादा पुढे उभा राहिला नाही. होनेंच्या खुर्चीशेजारी एका पाटासारख्या बुटक्या स्टुलावर बसला आणि तिथून सुरुवात केली. जूडिथने सूर दिला. स्तोत्राची एक ओळ मेरेकडची माणसं माओरीत म्हणत, दुसरी आम्ही इंग्रजीत. धड्याची वेळ आली तेव्हा दादाने पुस्तक माझ्याकडे न देता नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी उठले आणि पाठ होतं ते मराठीत म्हटलं. कुणाला शब्द कळला नाही. होनेंनी मात्र शेवटी "आमेन" बरोबर जागेवर म्हटलं.

मी परत जागेवर बसले तेव्हा वहिनींनी माझा हात धरला. कानाशी कुजबुजल्या, "बघितलेस ना हात? ते सोडलं त्या दिवसापासून घरी असेच खिशात घालतात. मला वाटायचं थंडी वाजते."

माझा जपून ठेवलेला अर्धा राग कुठे गेला ते मला सांगता येणार नाही. तो मला नाही म्हणाला नव्हता. तो ज्या गोष्टीला नाही म्हणत होता ती त्याला माझ्यापेक्षा जास्त हवी होती.

फादर पीटर रविवारी दुपारी आलेच. भाड्याची गाडी चिखलात रुतली म्हणून शेवटचा टप्पा एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरवर बसून. पँट गुडघ्यापर्यंत राड, चेहरा आनंदी. मिस्सा झाली. होनेंनी दोन्ही हात पुढे केले तेव्हा मेरे भिंतीकडे तोंड करून रडली. दादा मागच्या बाकावर होता, सगळ्यांसारखा रांगेत गेला आणि परत आला. वहिनी आणि मी आमच्या रीतीने बसून राहिलो. ते भोजन कॅथलिकांसाठीच, म्हणून पुढे गेलो नाही, पण निघूनही गेलो नाही.

भरतीच्या आधी

सोमवारी सकाळी फेरीला वेळ होता. दादा पाण्याच्या कडेने चालत होता, मी मागून गाठलं. दूरवर, खाडीच्या तोंडाशी, वाळूचे पिवळे डोंगर उन्हात चमकत होते. काठावरच्या पोहुटुकावाच्या झाडाला पहिली लाल फुलं आली होती.

"दादा, लग्न नको लावूस."

"सुशे, मी काल रात्रीच मोनिकाला फोन करणार होतो..."

"मध्ये बोलू नकोस. ऐकतो म्हणालास ना? मग ऐक." मी श्वास घेतला. "तिच्या पप्पांच्या जागी तू ये. तिचा हात धरून दारापासून वेदीपर्यंत तिला घेऊन ये. त्याला झगा लागत नाही, दीक्षा लागत नाही. मामा असलास की पुरे."

तो थांबला. मला वाटलं हेही नाहीच म्हणतो की काय.

"मला येत नाही ते," तो शेवटी म्हणाला.

"काय येत नाही?"

"मी कायम पुढे उभा असायचो. लोक माझ्याकडे चालत यायचे. नवरीबरोबर चालायचं कसं असतं, कुठला हात, किती वेगाने, मला काहीच माहीत नाही गं."

मला हसूच फुटलं. मी वहिनींना हाक मारली. त्या मेरेने दिलेलं कुमाऱ्याचं पोतं व्हॅनमध्ये चढवून घेत होत्या. प्रकार कळल्यावर त्या पदर खोचून आल्या आणि नवरी झाल्या. कॉलिन व्हॅनच्या दारात नवरदेव म्हणून उभा राहिला, अर्ध्या चड्डीत. जूडिथबाईंनी तोंडानेच सूर धरला. आणि माझा दादा बायकोचा हात धरून होकियांगाच्या ओल्या वाळूवरून निघाला, ताडताड.

"हळू चाला हो!" वहिनी ओरडल्या. "मुलगी द्यायला निघालाय, बस पकडायला नाही!"

फेरी येईपर्यंत त्यांनी तीन फेऱ्या मारल्या. तिसरी बरी झाली. होने खिडकीतून बघत होते. त्यांनी हात वर केला.

पुणे, जानेवारी

लग्न झालं. आमच्या नवीन पाळकसाहेबांनी छान लावलं. मोनिकाने मामाचा हात घट्ट धरला होता, आणि तो इतका हळू चालला की पेटी वाजवणाऱ्या मुलीला तेच कडवं पुन्हा घ्यावं लागलं. पुढे पोचल्यावर पाळकसाहेबांनी, ही मुलगी कोण देतो, असं विचारलं. दादाने उत्तर दिलं, आणि सवयीने पाळकसाहेबांचं पुढचं वाक्यही म्हणायला तोंड उघडलं. मोनिकाने त्याला चिमटा काढला. पहिल्या दोन रांगांनी तो पाहिला.

मग तो वळला आणि पहिल्या बाकावर माझ्या शेजारी येऊन बसला. आमच्या घरच्या एकाही लग्नात तो माझ्या शेजारी बसलेला मला आठवत नाही. पलीकडून वहिनी सरकल्या, त्याला जागा झाली. पुढे पोरांच्या शपथा चालल्या होत्या. दादाने खिशातून हात बाहेर काढला आणि न बघता माझ्यासमोर पसरला.

"सुशे," तो कुजबुजला, "रुमाल आहे का?"